आम्ही मागायचो

डॉक्टरांकडून परतलो त्या रात्री ओटा आवरताना सासूबाई म्हणाल्या, “भूक लागली की मागेल, असंच म्हणाले ना ते? आम्ही मागायचो.” एवढंच बोलून त्यांनी कढईत उरलेली दोडक्याची भाजी वाटीत काढली, वर ताटली झाकली आणि झोपायला गेल्या. मी नळाखाली हात धरून तशीच उभी राहिले. त्या वाक्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, मला काही ऐकवायचा हेतूही नव्हता. एखादी गोष्ट खूप आतून अचानक वर यावी आणि बोलणाऱ्यालाच तिचं नवल वाटावं, तसा त्यांचा आवाज झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या चहा टाकून बसल्या होत्या. मी मात्र ऑफिसच्या बसमध्ये, मीटिंगमध्ये, रात्री लेकीला थोपटताना तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा ऐकत राहिले.

बूस्टरचं इंजेक्शन द्यायला गेलो होतो. लेक तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. माझ्यासोबत सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) आवर्जून आल्या होत्या, कारण त्यांना डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचा होता. रिक्षात बसल्यापासून त्या मनातल्या मनात तो जुळवत होत्या. इंजेक्शन झालं, रडणं झालं, आणि आई म्हणाल्या, “डॉक्टर, ही जेवतच नाही हो. चार घास झाले की तोंड मिटते. पहिल्या वर्षी असं नव्हतं. तेव्हा वाटी चाटूनपुसून खायची.” डॉक्टरांनी फाइलमधला वाढीचा तक्ता काढला आणि आईंच्या समोर ठेवला. “आजी, जन्मली तेव्हा तीन किलो होती. पहिल्या वाढदिवसाला नऊ. तिप्पट झाली. त्याच वेगानं वाढली असती तर दुसऱ्या वाढदिवसाला सत्तावीस किलोची झाली असती. दुसऱ्या वर्षात मूल दोन-अडीच किलोच वाढतं. उंचीचंही तेच. पहिल्या वर्षी २५ सेंटिमीटर, दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मी. अंग भरायचा वेग उतरला की भूकही उतरते. तिच्या पोटाला ते कळतं. घरात अन्न आहे, तुम्ही वेळेवर वाढताय. भूक लागली की मागेल.” मग त्यांनी दुधाचं विचारलं. जेवली नाही म्हणून आई रात्री एक मोठी बाटली आणि पहाटे एक, अशी दुधाची सोय करायच्या. वर्षाच्या पुढे दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध झालं की जेवणाची भूकच राहत नाही, शिवाय दुधात लोह जवळजवळ नसतं, त्यामुळे रक्त कमी व्हायची भीती असते, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. मला फार हायसं वाटलं. कितीतरी दिवसांनी माझ्या बाजूनं कोणी बोललं होतं. आई मात्र तक्त्यावरच्या त्या वळत जाणाऱ्या रेघेकडे बघत राहिल्या आणि परतीच्या रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत.

या वयाच्या मुलाचं जेवण म्हणजे काय असतं, हे ज्यांनी नुकतंच पार केलंय तेसुद्धा फार लवकर विसरतात. म्हणून मी ते लिहून ठेवते आहे. मऊ गुरगुट्या भात, त्यावर तुपाची धार, चिमूटभर मेतकूट. पहिला घास तोंड उघडून, दुसराही. तिसऱ्याला नजर पंख्याकडे जाते. चौथा घास आत जातो, पण गिळला जात नाही. तो डाव्या गालात जाऊन बसतो आणि गाल सुपारी धरल्यासारखा फुगून राहतो. आता बोलणं सुरू, खेळणं सुरू, सोफ्यावर चढणं-उतरणं सुरू, आणि घास जिथल्या तिथे. आपण म्हणतो “गीळ बाळा”, ती मान डोलावते, हसते, आणि हसताना भाताचं एक शीत ओठाच्या कोपऱ्यातून डोकावतं. वाटीतलं तूप तोवर थिजायला लागतं. भातावर पांढुरकी साय धरते, मेतकुटाचा वास बसतो. पाचव्या घासाला ओठ बारीक रेघ होतात आणि हनुवटी छातीला टेकते. तिथं चमचा नेला की मान डावीकडे, मग उजवीकडे. शेवटी गालातला तो जुना घास, आता नुसता ओला गोळा झालेला, जिभेनं पुढे ढकलला जातो आणि आपल्या तळहातावर येऊन पडतो. कोमट असतो तो. तो हातात घेऊन बसलेल्या बाईला त्या क्षणी काय वाटतं याला एक नाव नाही. राग असतो, थकवा असतो, आणि आपण हिला अन्न पुरवू शकत नाही अशी एक विलक्षण जुनी भीती असते.

हा घास तळहातावर झेलणारा हात बहुतेक घरांत बाईचाच असतो.

संध्याकाळी माझ्या आईचा फोन येतो, पहिला प्रश्न “जेवली का?” लिफ्टमध्ये शेजारच्या काकू लेकीचा दंड चिमटीत धरून म्हणतात, “वाळली गं जरा.” लग्नात भेटलेली लांबची आत्या विचारते, “दात येतायत का, का मुळातच खात नाही?” हे प्रश्न माझ्या नवऱ्याला कोणी विचारलेले मी ऐकले नाहीत. तो घरात असतो, वाटी धरतो, अंघोळी घालतो, रात्री उठतो. पण मुलाच्या पोटात किती गेलं याचा जाब त्याच्याकडे कोणी मागत नाही, आणि म्हणून त्याला “खाईल गं, नको ताण घेऊस” असं सहज म्हणता येतं. त्याचं म्हणणं खरंच असतं. पण ते ऐकून मला बरं वाटत नाही, कारण मूल खरंच वाळलं तर प्रश्न त्याला येणार नाहीत.

आणि हे सगळं सुरू कधी होतं ते बघा. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, आणि मग वरचं अन्न, असं आता सगळेच डॉक्टर सांगतात. २०१७ साली कायदा बदलला आणि बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. फार मोठी गोष्ट झाली ती, माझ्या आधीच्या मैत्रिणींना ती मिळाली नव्हती. पण २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने, आणि त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच संपलेले असतात. म्हणजे ज्या आठवड्यात बाळ नाचणीच्या सत्त्वाचा पहिला चमचा जिभेवर घेऊन तोंड वेडंवाकडं करतं, त्याच सुमाराला आई परत ऑफिसच्या दारात उभी असते. वरचं अन्न सुरू करणं हे मुळातच हळूहळू करायचं काम. आज भाताची पेज, चार दिवसांनी मुगाची डाळ, मग गाजर, मग भोपळा. अंगावर काही उठतं का बघायचं, शीचा रंग बघायचा, पुन्हा द्यायचं. एखादी चव मुलाच्या जिभेला आपली वाटायला आठ-दहादा, कधी त्याहून जास्त वेळा ती समोर यावी लागते. एवढा धीर जिच्याकडून हवा, तिच्या हातात सकाळची चाळीस मिनिटं असतात. ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं, असं कायद्यात लिहिलेलं आहे. माझ्या ओळखीत एकीलाही ते अनुभवायला मिळालेलं नाही. आजी घरात असते म्हणून निभावतं. ज्यांच्याकडे आजी नाही त्या बायका कशा निभावतात ते मी बघते आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

म्हणूनच मुलासमोर मोबाइल धरून भरवणाऱ्या आईला नावं ठेवणं मला जमत नाही. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या वर नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि ते बरोबर आहे. स्क्रीन समोर असली की मूल खातं खरं, पण काय खाल्लं आणि पोट कधी भरलं याचा त्याला पत्ता नसतो. तोंड उघडतं ते भुकेनं नाही. माझी बहीण एकदा म्हणाली, “मग आपल्या वेळचं चिऊकाऊ तरी काय होतं? कडेवर घेऊन अंगणात फिरवायचं, कावळा दाखवायचा आणि तोंड उघडलं की घास कोंबायचा. तेही लक्ष उडवणंच की!” मला तिचं म्हणणं बरेच दिवस पुरलं. पण आता वाटतं, त्यात फरक आहे. अंगणात फिरवणारी बाई सारा वेळ मुलाच्या तोंडाकडे बघत असायची. घास गिळला का, ठसका लागला का, कंटाळलं का, हे तिला कळत होतं आणि ते कळलं की ती गोष्ट तिथेच संपवायची. शिवाय कावळा उडून जायचा. मोबाइलमधलं गाणं संपत नाही.

आईंनी ते वाक्य बोलून महिना-दीड महिना झाला असेल. गवारीच्या शेंगा मोडत बसलो होतो. लेक शेजारी शेंगांची टोकं गोळा करून तिच्या भातुकलीच्या पातेल्यात टाकत होती. मी विचारलं नव्हतं. आईच बोलायला लागल्या, हात चालूच होते. करमाळ्याकडचं त्यांचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात त्या सात वर्षांच्या होत्या. विहिरी आटल्या, गुरं निम्म्या किमतीत गेली, मग कवडीमोलानं गेली, आणि घरातली सगळी मोठी माणसं पाझर तलावाच्या कामावर जायला लागली. लहान भावाला बाभळीला बांधलेल्या झोळीत टाकून त्याला सांभाळायचं काम आईंचं. आई-वडील दगड-माती वाहायचे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती, हे मी नंतर वाचलं. त्या आकड्यात कुठंतरी बाभळीखाली बसलेली ही सात वर्षांची मुलगी आहे, हे कळल्यावर तो आकडा माझ्यासाठी बदलून गेला. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. “गोड असायची गं,” आई म्हणाल्या. “तेलकट, जरा खरखरीत. मी माझ्यातली अर्धी परकराच्या ओच्यात बांधून ठेवायची. ह्याला दुपारी भूक लागायची ना.” घरी लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी. ती थापताना फुटायची, तव्यावरून काढली की थोड्याच वेळात चामड्यासारखी व्हायची, आणि तिला एक कुबट वास यायचा. तो वास त्यांना अजून आठवतो. “तरी मागायचो आम्ही. अजून अर्धी दे म्हणायचो. आई म्हणायची, पाणी पी.”

लेकीनं पातेल्यातली टोकं त्यांच्या पुढ्यात धरली. “घे आजी, भाजी.” आईंनी चमचाभर खाल्ल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, “छान झाली गं बाय.”

मला तेव्हा कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला. लेकीनं वाटीत भात टाकला की आईंचा जीव का कासावीस होतो, पातेलं खरवडताना त्या चमचा इतका जोरात का ओढतात, पाहुणा “पुरे” म्हणाला तरी आणखी एक पोळी त्याच्या ताटात का पडते, मूल जेवलं नाही की मीठ-मोहरीनं दृष्ट काढल्याशिवाय त्यांना झोप का येत नाही. मी याला जुन्या बायकांचा आग्रह समजत होते. आपल्याकडे आजीच्या पिढीच्या या आग्रहावर फार सहज बोललं जातं, की यांना मुलं गुटगुटीतच हवी असतात, यांना ऐकायचंच नसतं. मला वाटतं, त्याआधी निदान त्यांच्या लहानपणीची एक दुपार विचारून घ्यावी. महाराष्ट्रात आज साठी-पासष्टीच्या असलेल्या कितीतरी आज्या दुष्काळी कामावरच्या झोळीशेजारी वाढल्या आहेत. त्यांच्या शरीराला अन्न परत जाणं कळूच शकत नाही.

आणि डॉक्टरही बरोबर होते. इथंच मी अडकले होते. डॉक्टरांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं, आईंचं आयुष्याला धरून होतं, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असल्यासारखी वाटत होती. त्याचा गुंता सुटला तो माझ्या मावशीशी बोलताना. मावशी डहाणू तालुक्यात अंगणवाडी सेविका होती, आता निवृत्त झाली. तो भागच बालवाडीच्या कामाचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यातली मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हे त्या दोघींनी करून दाखवलं. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्यातली केंद्रंही अंगणवाडी याच नावानं ओळखली जाऊ लागली. मावशीच्या अंगणवाडीत छताच्या वाश्याला वजनकाटा टांगलेला असायचा, त्याला कापडी झोळी. मूल त्यात बसवलं की ते पाय झाडायचं आणि काटा थरथरत राहायचा. मावशी तो स्थिर व्हायची वाट बघायची, मग आलेखावर टिंब द्यायची आणि मागच्या महिन्याच्या टिंबाला जोडायची. मी लेकीचं रडगाणं तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आकडा बघू नकोस, रेघ बघ. रेघ आपल्या वाटेनं वर चाललीय का? मग बारीक असली तरी असू दे. रेघ आडवी झाली, खाली वळली, तर मला फोन कर.”

मग मी तिला विचारलं, भूक लागली की मूल मागतंच ना? मावशी जरा थांबली. “तुझं मागेल,” म्हणाली. “आमच्याकडे फार वाळलेलं मूल आलं ना, तर आधी त्याची भूक तपासतात. म्हणजे त्याला खास तयार केलेलं औषधी अन्न थोडं द्यायचं आणि ते खातंय का बघायचं. तुला वाटेल, उपाशी मूल आहे, तुटून पडेल. नाही पडत. खूप दिवस पोटाला मिळालं नाही की भूकच मरते. मूल गप्प होतं. मागत नाही, रडत नाही. तशा मुलाला घरी ठेवून चालत नाही, दवाखान्यातच न्यावं लागतं.” हे ती अगदी साध्या आवाजात बोलली. तिनं अशी मुलं कडेवर घेऊन जीपमध्ये बसवली आहेत. त्यातलं एखादं परत आलं नाही, हे तिनं सांगितलं नाही पण मला पूर्वीपासून माहीत आहे.

म्हणजे “भूक लागली की मागेल” हे वाक्य अर्धंच आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग “आणि मागितलं की मिळेल” असा आहे, आणि तो डॉक्टर बोलत नाहीत कारण आमच्यासारख्या घरात तो बोलायची गरज त्यांना वाटत नाही. मागून मिळत राहिलं तरच मूल आपल्या भुकेवर विश्वास ठेवायला शिकतं. मिळणार नाही हे कळलेलं मूल ओच्यात बांधून ठेवतं, आणि पन्नास वर्षांनी दुसऱ्याच्या गालात घास कोंबतं, कारण आत्ता आहे तोवर खाऊन घ्यायला हवं असं त्याच्या आतलं काहीतरी सांगत असतं. आईंना डॉक्टरांचं पटलं नव्हतं असं नाही. त्यांच्या अनुभवातून त्या वाक्याचा दुसरा भागच गळालेला होता. आणि माझ्या लेकीकडे तो दुसरा भाग पूर्ण आहे, भक्कम आहे, तोही बराचसा आईंच्याच हातांनी उभा केलेला. माझं रोजचं जेवण, डबा, संध्याकाळची गरम भाकरी यामागे त्या आहेत. ती मान वळवून “नको” म्हणू शकते, कारण तासाभरानं “दे” म्हटलं तर मिळेल याची तिला खात्री आहे. हे “नको” बहुधा तिच्या आयुष्यातला पहिला असा निर्णय आहे जो सर्वस्वी तिचा स्वतःचा आहे. झोपायचं कधी, कपडे कुठले, कुठं जायचं, सगळं आम्ही ठरवतो. पोट भरलंय हे मात्र तिच्याखेरीज कोणालाच कळू शकत नाही.

हे सगळं आईंना मी समजावून सांगितलं का? नाही. असं समजावण्यातून घरात काही बदलतं यावर माझा विश्वास नाही. बदल दुसरीकडून आला. दुपारी दोन-तीन तास लेक जवळच्याच पाळणाघरात जाते, आईंनाही थोडी पाठ टेकता यावी म्हणून. एकदा आई तिला लवकर आणायला गेल्या तर मुलं जेवत होती. सतरंजीच्या पट्टीवर सात-आठ मुलं ओळीनं, प्रत्येकासमोर स्टीलची छोटी ताटली, आणि आमची लेक दुधी भोपळ्याची भाजी स्वतःच्या हातानं खात होती. घरी ज्या भाजीचा वास आला तरी ती खोलीतून निघून जाते, तीच. शेजारचा मुलगा खात होता म्हणून ही खात होती. पाळणाघराच्या काकू भरवत नव्हत्या. मध्येच कोणी ताटली पुढे केली की थोडं वाढत होत्या, सांडलं की पुसत होत्या. आई दारातच थांबल्या, आत गेल्या नाहीत. घरी येऊन मला फोनवर म्हणाल्या, “तिचं ताट लावत जाऊ आपल्याबरोबरच.”

तेव्हापासून रात्री आम्ही चौघं एकत्र बसतो, जमिनीवर, वर्तमानपत्र अंथरून. याचा अर्थ सगळं सुरळीत झालं असा नाही. आमटीत हात बुडवला जातो, पाणी उलटतं, माझा स्वतःचा घास गार होतो, आणि दिवसभर काम करून आल्यावर फरशी पुसायला वाकताना कंबर दुखते. काही रात्री ती दोन घासांत उठते. पण एक गोष्ट तिची तिनं शोधून काढली. आईंच्या ज्वारीच्या भाकरीला टम्म फुगून वर जो पातळ पापुद्रा सुटतो, तो तिला हवा असतो. भाकरी तव्यावरून उतरली की ती आईंच्या मांडीला येऊन चिकटते. आई वाफ जाऊ देतात, नखानं पापुद्रा सोडवतात, तो कागदासारखा कुरकुरीत पूर्ण गोल निघाला तर दोघी खूश. त्यावर तिखट न घातलेली शेंगांची चटणी, बारीक कुटलेली. अख्खे दाणे अजून आम्ही तिच्या हाती लागू देत नाही, घशात अडकतात. पापुद्रा खाऊन झाला की ती म्हणते, “आजी, अजून.” आई पुढची भाकरी थापायला घेतात. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे मी मुद्दाम बघत नाही. त्यांचं ते त्यांच्याजवळ राहावं असं वाटतं.

वाढायचंही आता एक ठरलंय. आधी अगदी चिमूटभर, संपलं की पुन्हा. ताटात उरलंच तर ते आई खातात, अजिबात न बोलता, लेकीच्या उष्ट्या वरणभातासकट. वाया जाणार नाही हे दिसलं की त्यांना तिचं उठून जाणं सहन होतं. ताप असला, सर्दी असली, दाढा येत असल्या की आमचं पुन्हा वाजतं. त्या म्हणतात, आजारात अंगात काही नको का, मी म्हणते, पाणी आणि पेज जाऊ दे, बाकी दोन दिवसांनी बघू. कधी त्यांचं खरं ठरतं, कधी माझं. रात्रीची दुधाची बाटली गेली, पहाटेची जायला वेळ लागला. ती सोडवताना लेक रडली, आणि दाराआड आईही अस्वस्थ होत्या. पुढच्या तपासणीत रेघ तिच्या वाटेनं जरा वर सरकली होती. मी त्याचा फोटो मावशीला पाठवला. आईंना काही म्हटलं नाही, त्यांनी फाइल हातात घेऊन स्वतःच पाहिलं.

आता पुढच्या आठवड्यात सोलापूरला धाकट्या जावेच्या बाळाचं उष्टावण आहे. सोन्याची अंगठी बुडवून तांदळाची खीर चाटवायची, मामाच्या मांडीवर बसवायचं, सगळं रीतीप्रमाणे. काल आई फोनवर जावेला सांगत होत्या, “मध ठेवू नका गं ताटात. वर्षाच्या आत मध चालत नाही, बाळाला बाधतो, आमच्या डॉक्टरांनी बजावलंय.” तिकडून काहीतरी विरोध झाला असावा, कारण आईंचा आवाज चढला, “आम्ही दिला म्हणजे तुम्ही द्यायलाच हवा का?” फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “साखरही नको म्हणतेस ना तू? मग खीर गोड कशानं करायची?” मी खारकेची पूड सुचवली. त्या म्हणतात खारकेनं खीर काळपट दिसते आणि उष्टावणाची खीर पांढरीशुभ्रच हवी. मी म्हणते बाळाला रंग कळत नाही. शनिवारी दोन्ही प्रकार थोडे थोडे करून बघायचं ठरलंय, खारका आजच आणून फोडून ठेवल्यात.